पालक आणि पाळक

आजच्या सभेच्या अध्यक्ष शुभदाताई, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले पाळक संदेश आढाव साहेब, आणि मघापासून पोह्यांच्या पातेल्यावर नजर ठेवून बसलेल्या बालमित्रांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. आठवीनंतर मी कुठल्याच बाकावर तेवढा टिकलेलो नाही. सोमाटण्याला टेम्पोवर होतो, मग घोरावाडीला एका... असो, ते नंतर.

या मे महिन्यात आपल्या चर्चच्या बालशिबिरात मी मदतीला लागलो. प्रवेशाचे फॉर्म हाताने लिहायचे होते. 'पालकाचे नाव व सही' असं हवं होतं. मी लिहिलं 'पाळकाचे'. धर्मगुरूंना आपण पाळक म्हणतो, तोच शब्द हाताला आला. तुम्ही हसताय. पण मळवलीच्या वरच्या ठाकरवाडीत कुणीतरी तो कागद वाचून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी, शिबिराला नाव दिलेली वाडीची आठही मुलं आली नाहीत.

मी बॅग भरली. साहेब म्हणाले, "जायचं तर जा. आधी वाडीवर चल."

त्या आठांतल्या करिष्माची आई, सावित्राबाई, दारातच उभ्या. "पोरीचा पाळक कोन, ते लिवून द्यू? मी काय मेले व्हय?"

साहेबांना माझ्यावर ढकलता आलं नसतं का? ते म्हणाले, "चूक आमची. पालक तुम्हीच. मी नुसता पाळक."

"मंग तुमी काय पाळता?"

"सध्या हा एक पाळलाय. लय खातो."

बाई हसल्या, पण भुलल्या नाहीत. "धाडते पोरं. पर मी बी संगं बसनार. पोरीचं नाव, देव, काय बी बदलायचं न्हाई."

"या की. पुढंच बसा."

शिबिराचे उरलेले दहाही दिवस त्या आल्या. प्रार्थनेला वाडीची पोरं घेऊन बाहेर जायच्या, खेळाला आत आणायच्या. साहेबांनी अडवलं तर नाहीच. पोरं उन्हात ताटकळू नयेत म्हणून प्रार्थनाच आटोपती घेतली. देवाने ऐकली असेलच, छोटी असली तरी.

काल सावित्राबाई मला म्हणाल्या, "फुडल्या वर्साला बारा पोरं धाडीन. पर सायेब चालले. दारात येऊन सांगनार कोन?"

"मी येईन," म्हणालो. वर्षभरानंतरचा शब्द मी आजवर कुणाला दिला नव्हता. साहेब, तो देता आला, हे तुमचे उपकार. मंडळींचे आणि सावित्राबाईंचेही.

बोलताना कुणाच्या मानात उणं पडलं असेल, तर पोटात घाला. आता मी इथेच थांबतो.