भायरनं कुलूप

हसू नगा, पर मी स्वतःशीच पैज लावली हुती. आठ तासांचा पिक्चर एका बैठकीत बघायचा, मधी थांबवायचा न्हाई. बायको गेल्यापास्नं दिवस सरता सरत न्हाई, म्हणून ही थेरं.

आमच्या दहिवडीत दार उघडं दिसलं की कुणी बी आत येऊन बसतंय. म्हणून पुढच्या दाराला भायरनं कुलूप घातलं आन मागच्या दारानं आत येऊन बारीक आवाजात टीव्ही लावला.

तीनएक तास झालं आसतील. शेजारची सुमनवहिनी पायरीवर आली आन नवऱ्याला म्हणाली, "आवं, कुलूप हाय की. भावजी मुंबईला लेकाकडं गेलं वाटतं."

"पोरानं बोलावलं व्हय?"

"बोलावलंच आसंल. झाली बया एकदाची आठवण. लय बरं झालं."

मी टीव्हीचा आवाज बंद केला. आता दार तरी कसं उघडू?

दोन दिसांनी कुलूप काढलं, तवा तिनं इचारलं, "काय म्हणतोय लेक?"

म्हणालो, "ऱ्हावा म्हणत हुता. सोडतच नव्हता."

पिक्चर तसाच अर्धा ऱ्हायलाय. कुलूप मातुर मी दर महिन्याला घालतो.