कापणी यंत्राखालची मोरी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरची संचालक मंडळी, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या चीज कापणी-पॅकिंगच्या माझ्या मैत्रिणींनो,

आत्ताच साहेब म्हणाले, "बाईंमुळे आपल्या चीज कारखान्याला स्वच्छतेची ढाल मिळाली." टाळ्याही पडल्या. निवृत्तीच्या दिवशी झालेलं कौतुक फारसं मनावर घ्यायचं नसतं, हे मला कळतं. पण जे श्रेय माझं नाही, ते घेऊन घरी कशी जाऊ?

माझं काम तुम्ही रोज पाहिलंत. कापसाचा ओला बोळा यंत्राखाली, मोरीच्या जाळीत, फरशीच्या भेगेत फिरवायचा आणि प्रयोगशाळेत बघायचं, जंतू आहे का. माझ्यामागे तुम्ही मला 'बोळेबाई' म्हणता, तेही ठाऊक आहे. हसा, हसा! तर, लिस्टेरिया नावाचा एक जंतू फार चिवट. थंडीत बाकीचे गारठतात, हा फ्रीजमध्येही वाढतो. धडधाकट माणसाला पत्ता लागत नाही. गर्भार बाईच्या मात्र पोटातलं मूल नेतो.

तो मला कापणी यंत्राखालच्या मोरीत सापडला. तिथून पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर तो वर यंत्रावर आणि चीजवर चढतो. सापडल्यावर काय करायचं? यंत्र थांबवायचं, फरशी उखडायची, मूळ शोधायचं. साहेबांनी काय केलं? पद्धत बदलली. आधी मोरी औषधाने धुवायची, मगच बोळा फिरवायचा. अहवाल लख्ख! आजार रेड्याला आणि औषध पखालीला. मी भांडले, तर म्हणाले, "बाई, मोरीत जंतू नाही तर काय अत्तर सापडणार? उगाच राईचा पर्वत करू नका." मग बोळ्याचं काम माझ्याकडून काढून सफाई विभागाकडे दिलं. म्हणजे ज्यांनी धुवायचं, त्यांनीच तपासायचं. त्यानंतर ती ढाल आली. मोरी अजून तशीच आहे आणि यंत्र आज सकाळीही चालू होतं.

पॅकिंगमधली आपली एक मैत्रीण आज इथे नाही. दिवस भरत आले असताना तिचं बाळ गेलं. कशाने, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही, मलाही येणार नाही. कारण कुणी तपासलंच नाही. पण कारखान्यातून दर महिन्याला मिळणारं चीजचं पाकीट ती आवडीने खायची. "बाळाच्या अंगी लागेल," म्हणायची. माफ करा, जरा पाणी द्या.

ते पाकीट साहेबांनाही मिळतं. परवा मी निरोप घ्यायला त्यांच्या खोलीत गेले, तर त्यांनी आपलं पाकीट माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, "बाई, हे तुम्हीच न्या. मुलगी बाळंतपणाला आली आहे. हल्ली घरी आपलं चीज नको."

साहेब, मान खाली घालू नका. तुमच्या लेकीचं सगळं सुखरूप होऊ दे, हे मी मनापासून म्हणते. बाप म्हणून तुम्ही योग्य तेच केलंत. फक्त जे तिला सांगितलंत, ते या मुलींनाही सांगा. याही कुणाच्या तरी लेकी आहेत.

संचालकांनी ऐकून घेतलं, मैत्रिणींनी इतकी वर्षं जीव लावला, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक निघालं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करा.

कार्यक्रमानुसार यानंतर अध्यक्षांचं भाषण आहे. या साहेब, बोला.