नऊ नंबरची जर्सी आणि नेव्हिल डथी

सन्माननीय अध्यक्षा डॉ. फिलिपा ऑर, व्यासपीठावरचे संचालक, माजी अध्यक्ष श्री. लॅम्बी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते नेव्हिल डथी, त्यांच्या पत्नी ग्लेनिस, क्लबचे आजी-माजी खेळाडू, आणि हरलेल्या मोसमातही गळ्यातला मफलर न काढणारे सभासद बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘रॉस किनेन यांच्या पत्नी आणि कॅलम किनेन यांच्या मातोश्री’ अशी करून दिली. बरोबरच आहे. पण माझा खरा धंदा गायींचा. गिप्सलँडात डोंगरउतारावर आमचं कुरण आहे. त्यामुळे भाषणाची सवय नाही. गायींना सांगायचं ते थोडक्यात सांगावं लागतं. तसंच इथेही सांगेन म्हणते.

नेव्हिल आणि माझा रॉस एकाच वर्षी या क्लबात खेळायला आले. रॉस आपला ऑस्ट्रेलियन फुटबॉल कसा खेळायचा, ते या सभागृहात मी कशाला सांगू? तुमच्यातले निम्मे लोक मला भेटले की तेच सांगतात. अंतिम सामन्यातला तो उंच झेल तर मी इतक्यांदा ऐकलाय की आता मलाच वाटतं, चेंडू मीच पकडला होता! (हसू नका, ग्लेनिसलाही तसंच वाटतं.) रॉस निवृत्त होऊन घरी आला आणि पुढच्याच हिवाळ्यात ओल्या उतारावर ट्रॅक्टर उलटला. कॅलम तेव्हा शाळेतही जात नव्हता. आठवणीत ठेवण्याएवढासुद्धा बाप त्याच्या वाट्याला आला नाही.

बाकीच्या मुलांना बाप आठवतो. कॅलमला तो लोकांनी सांगितला. गावच्या मैदानावर पोरगं चेंडू घेऊन पळायला लागलं की कुंपणाशी उभे असलेले म्हातारे डोळे पुसायचे. “अगदी रॉस गं, नोरीन! तीच चाल!” आता चाल तीच नव्हती, हे मला दिसत होतं. रॉस हरणासारखा पळायचा. कॅलम पळायचा तो शेवटची बस चुकू नये म्हणून पळतात तसा. पण त्या म्हाताऱ्यांना कॅलम दिसतच नव्हता. दोष कुणाला द्यायचा? प्रेमानेच करत होते सगळे.

आपल्या खेळातला नियम तुम्हाला पाठ आहे. बापाने एखाद्या क्लबासाठी शंभर सामने खेळले असतील, तर त्याच्या मुलावर पहिला हक्क त्या क्लबाचा. मुलगा हो म्हणाला तर. कॅलम सतरा वर्षांचा झाला आणि नवे खेळाडू निवडण्याचं काम करणारा नेव्हिल एके दिवशी आमच्या दारात उभा राहिला. नवऱ्याचा मित्र म्हणून तो नेहमीच यायचा. पण त्या दिवशी त्याने कोट घातला होता, तेव्हाच मी ओळखलं.

चहा ओतला आणि मी सरळ विचारलं, “नेव्ह, तुला माझा मुलगा हवाय, की रॉस परत हवाय?”

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “खरं सांगू? क्लबला रॉस हवाय. मला तुझं पोरगं चालेल.”

“चालेल म्हणजे?”

“दमाचं आहे. मार खाऊन उठतं. झेल बेताचा. उजव्या पायाचा भरवसा नाही. नशीब असेल तर टिकेल, नसेल तर नाही. पण नोरीन, त्याची इच्छा आहे, हे तुला माहीतेय ना?”

आईला आपल्या मुलाची अशी निंदा ऐकून राग यायला हवा होता. मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणीतरी माझ्या मुलाकडे नीट बघितलं होतं.

मी म्हटलं, “ठीक आहे. पण एक अट. त्याला रॉसचा नऊ नंबर द्यायचा नाही. त्याने मागितला तर गोष्ट वेगळी. आणि ही माझी अट आहे, हे कुणाला सांगायचं नाही. विधवा बाई क्लबला अटी घालते, अशी चर्चा मला नको.”

“नाही सांगणार,” नेव्हिल म्हणाला, आणि बिस्किट चहात बुडवून खाल्लं. त्याच्या दृष्टीने विषय संपला.

आता, लॅम्बीसाहेब, पुढचं तुम्ही जाणताच. नव्या खेळाडूंना जर्सी द्यायचा दिवस. मैदानात तोबा गर्दी. कॅमेरे. तुम्ही खोक्यातून हिरवी-पांढरी जर्सी काढून उलगडली आणि पाठीवर नऊ! लोक उभेच राहिले. माझ्या शेजारचा माणूस रडत होता. कॅलमचा चेहरा मी बघत होते. तो हसत होता, आणि पांढरा पडला होता.

तेव्हा नेव्हिल उठला. लंगडत व्यासपीठ ओलांडलं, तुमच्या हातातून जर्सी काढून घेतली आणि माइकवर म्हणाला, “माफ करा मंडळी, खोक्याची अदलाबदल झाली. घोळ माझा आहे.” आणि अडतीस नंबरची जर्सी पोराच्या हातात दिली.

लोकांनी त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी लिहिलं की, या गृहस्थांना मित्राचा नंबरसुद्धा आठवत नाही. कुणी म्हणालं, नेव्हिलला रॉसचा पहिल्यापासून मत्सर होता. आणि लॅम्बीसाहेब, तुम्ही ते खोकं स्वतः भरलं होतं, म्हणून तुम्ही तर त्याला बोलावून फैलावर घेतलंत. “का केलंस?” असं विचारलंत. त्याने उत्तर दिलं नाही. तुम्ही कित्येक महिने त्याच्याशी बोलला नाहीत. खरं की नाही? मान हलवताहात, म्हणजे खरं. तर साहेब, उत्तर आज घ्या. त्याने मला शब्द दिला होता. आता तो निवृत्त होतोय, तेव्हा त्या शब्दातून मी त्याला मोकळा करते.

(टाळ्या नंतर. माझं व्हायचंय अजून.)

कॅलम तीन मोसम इथे होता. बराचसा राखीव संघात. पहिल्या संघात थोडे सामने मिळाले, एका सामन्यात दोन गोल केले, मग गुडघा गेला. क्लबने त्याला सोडलं. ही बातमी हल्ली फोनवर देतात म्हणे. नेव्हिल गाडी काढून कुरणावर आला. आम्ही धारा काढत होतो. बूट मागून घेतले, शेणात उभा राहिला आणि म्हणाला, “कॅलम, पुढच्या वर्षी तुझं नाव नाही, बाळा.”

पोरगं गायीच्या कुशीला डोकं टेकून उभं राहिलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “नेव्हकाका, बाबा माझ्यापेक्षा चांगले होते?”

“हो.”

“किती?”

“पुष्कळच.”

आणि माझा मुलगा हसायला लागला. डोळ्यांत पाणी आणि हसू थांबेना. म्हणाला, “आई, ऐकलंस? पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं!”

“तुझ्या बापाचं अंग देवाने घडवलं होतं,” नेव्हिल म्हणाला. “तुझ्याकडे ते नव्हतं. तरी तू इथवर आलास. ते दोन गोल कुणाच्या पुण्याईचे नाहीत, तुझे आहेत.” मग बाही सारून तो उरलेल्या धारा काढू लागला. वाईट काढल्या. त्या लाथ मारणाऱ्या गायीबद्दल मी अजून माफी मागते, नेव्ह.

खेळाडू ओळखणारी माणसं पुष्कळ असतील. या क्लबने कप जिंकले त्यात नेव्हिलने निवडलेली पोरं किती, ते इतर वक्त्यांनी सांगितलंच. पण बापाच्या नावाखाली झाकलेलं पोर ओळखायचं, त्याला हात द्यायचा, आणि वेळ आली की त्याच्या तोंडावर खरं सांगायचं, हे ज्याला जमतं त्याला निरोप देताना मला चिंता वाटते. त्याच्या जागी येणाऱ्यांनी एवढंच शिकून घ्यावं.

कॅलम आज आला नाही, कारण गायी कुणीतरी बघायला हव्यात. तो आता कुरण सांभाळतो, गावच्या मुलींच्या संघाला शिकवतो आणि मार्चमध्ये बाप झालाय. मगाशी दारातच तुमच्या नव्या निवडकर्त्यांनी मला हसत विचारलं, “नातू कसा आहे? पाय लांब आहेत का?” त्यांना सांगते, पाय लांब आहेत. पण कॅलमचे शंभर सामने कुठे झालेत? त्यामुळे माझ्या नातवावर तुमच्या क्लबाचा काडीचाही हक्क पोचत नाही. कुणाचाच पोचत नाही. मी नियम नीट वाचून घेतलाय.

नेव्ह, ग्लेनिस, कधीही या. क्लबने मला इथे उभं केलं, त्याबद्दल डॉ. ऑर आणि सर्व संचालकांची ऋणी आहे. तुम्ही शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल तुमचीही. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर पदरात घ्या. आणि लॅम्बीसाहेबांचं दुखावलं असेल, तर नेव्हिल त्यांच्या शेजारीच बसलाय, आज दोघांनी मिळून जेवावं.