टाकीवरची नावं

माह्यं माहेर रिसोडकडचं, बापाच्या वावरात इहीर, पान्याची कधी ददात नाई, अन देलं मले इकडं, शेलूबाजारच्या अलीकडच्या एका खेड्यात, जिथं बाया उन्हाळ्यात डोक्यावर पितळी गुंड-घागरी घेऊन नाल्यापार पान्याले जायच्या. मीबी गेली, अर्धी जिनगानी गेली. मानेची काय गत झाली ते काय सांगू तुमाले भाऊ, आजबी उजवीकडं वळवली का कडकड वाजते. आमच्या बुढ्यानं, म्हंजे मालकानं, वावरात इहीर खंदली तवा कुठी सुख लागलं. त्याच इहिरीवर दीड एकर भाजीपाला हाये आमचा, वांगे, पालक, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, अन बाजारात मीच बसते इकाले.

मंग नळयोजना आली. समितीची अध्यक्ष बाईच पायजे म्हने, तं घाला गोदाबाईचं नाव, तिले बोलता येते. बोलता येते म्हंजे भांडता येते, हे मले मंग समजलं. सायब आले, म्हने टाकी न् पाइप सरकार देते, त्यात थोडा वाटा गावानं उचला, अन पुढं लाइटचं बिल, मोटरीची मरामत, पानी सोडनाऱ्याचा पगार, हे दरसाल तुमचं. दरसाल. हा शब्द म्या आयकला, गावानं नाई आयकला.

घरोघर फिरली तं बुढे मानसं म्हनत, पान्याचे पैसे घेतं का वं गोदे, पानी इकनं पाप हाये. अन हेच लोक लगनात थंड पान्याच्या कॅना आनतात नगद देऊन, तवा पाप कुठी जाते कोन जाने. मंग मले अक्कल सुचली, तिलेच रडून राह्यली मी आज. म्हनलं, सप्त्याच्या भंडाऱ्याले हे लोक कसे न मांगता देतात, पोत्यानं देतात, काहून, तं माइकवर नाव पुकारते म्हून. आमीबी सोयाबीन निघाल्यावर देवळापुढं माइक लावला. पयलं नाव आमच्या बुढ्याचं, दोन कट्टे सोयाबीन, सोताच्या पाठीवर आनले त्यानं. मंग काय इचारता, एकाचं आयकून दुसरा, दुसऱ्याचं आयकून तिसरा, किसनबुवा तं कोनाले पाच रुपये न देनारा मानूस, त्यानंबी पोतं आनून टाकलं. गावाचा वाटा निघाला, वर सालभराचं बिल निघालं. खुशीखुशीत सरपंच म्हने, देनाऱ्याचे नावं टाकीवर लिहू, देवळाच्या पायऱ्याईवर असतात तसे. मीबी हो म्हनलं. माहीच चूक, दुसऱ्या कोनाची नाई.

दुसऱ्या साली मांगाले गेली तं किसनबुवानं मले टाकीखाली नेलं, बोट दाखवलं, हे पाय माह्यं नाव, म्या देलं ना. म्हनलं बुवा, ते गेल्या सालचं, हे यंदाचं. तं म्हने, देवळाले पायरी बांधून देली तं काय दरसाल पायरी द्या लागते का? आता याले काय सांगावं? तो खोटं नाई बोलत भाऊ, त्याले देनगीच वाटली ती, म्याच तशी मांगतली. अन ज्याचं नाव नाई तो म्हने, नाववाल्याईले माग. असे दोन-तीन साल गेले, बिल कसंबसं भरलं, कधी माह्या वांग्याच्या पैशातून. त्यातच आमचा बुढा गेला.

अन यंदा होळीच्या आगुदर मोटर जळाली. तिची जळाली तार नवी भरून आनाले कोनी पैसे घेऊन पुढं येत नाई. नळ कोरडे, संडासात लोकाईनं ढोराईचं कुटार, भुसा, कोंबलं, बाया पुन्हा टमरेल घेऊन पांदनीनं जाऊन राह्यल्या, अन पान्याले सारं गाव माह्या इहिरीवर. पान्याले नाई म्हनता येत नाई मले. पन इहीर पुरंल किती? सांबार तं गेलाच, वांगे सुकून राह्यले. माही सून नंदा म्हने, आत्याबाई, इहिरीले कुलूप लावा, नाईतं वावर सोडा. बरोबर बोलते ते, आमी खाचं काय?

परवा माह्यं डोकं फिरलं. चुन्याची बादली घेतली, शिडी लावली, अन नावं पुसाले लागली. पयलं आमच्या बुढ्याचं पुसलं, कोनी म्हनू नये का सोताचं ठेवलं. खोटं कायले बोलू, रडली मी. मंग किसनबुवाचं, मंग साऱ्याईचे. दुपारपर्यंत टाकी पांढरीफट्ट.

संध्याकाळी सारं गाव देवळापुढं. मोटरीसाठी म्या चारदा सभा बोलावली तवा चार मानसं आली नाईत, अन आता बसाले जागा नाई. मले वाटलं, चला, आली अक्कल. किसनबुवानं टोपी उलटी करून फिरवली, पटापट नोटा पडल्या, कोनी कुरकुर नाई. म्या डोळ्याले पदर लावला, म्हनलं बुवा, उद्याच मोटर भराले नेते. तं म्हने, मोटर कायची, हे पेंटरचे हायेत. पक्का रंग लावू म्हने यावेळी, पुसला नाई पायजे.

आता तुमीच सांगा, हसावं का रडावं? कुलूप आनून ठेवलं, पन माह्यानं लागत नाई, सकाळपासून बाया येऊन राह्यल्या, भरून राह्यल्या. पेंटरबी आला आज. इचारते, मावशी, पयलं नाव कोनाचं लिहू? म्हनलं बाबा, पयली जागा कोरी सोड, ज्याची होती त्याचं देनं सरलं नाई, दरसालचं मी अजून भरून राह्यली. बाकीच्याईचे लिह, मोठ्या अक्षरात लिह, देव त्याईचं भलं करो.