शेजारी झोपणाऱ्याला विचारा

आधी पाटीचं बोलते, नमस्कार मागाहून. हृदयविभागाच्या दारावर नव्या डॉक्टरांच्या हुकमानं कालच पाटी लागली, 'फक्त रुग्णाने आत यावे.' अहो, जुन्या डॉक्टरांचा निरोप समारंभ आज, ते खुर्चीवरून उठले तरी आहेत का अजून?

असो. अध्यक्ष, व्यासपीठावरची मोठी मंडळी, नर्सबाई, आणि बाकावर बसून बसून कंबर मोडलेले माझे सोबती, सगळ्यांना नमस्कार. मी काही चार बुकं शिकलेली नाही. येईल तसं बोलते.

आमच्या ह्यांचं हृदय कमजोर. पाय सुजायचे, जिना चढताना धाप लागायची. औषधं चालू, मीठ बंद, तरी माणूस दिवसभर पेंगलेला. जातीचा सुतार, पण रंधा मारता मारता डोळा लागायचा. जो तो डॉक्टर विचारी, "झोप कशी?" हे म्हणत, "झकास!" झोपलेल्याला काय कळणार, कपाळ? आज निवृत्त होणाऱ्या या डॉक्टरांनी मात्र माझ्याकडे मान वळवली. "आजी, तुम्ही सांगा. हे झोपतात कसे?"

म्हटलं, "घोरतात, मग एकदम गप्प. तेवढंच घराला हायसं वाटतं. मग बुडणारा वर यावा तसे हबकून श्वास घेतात."

डॉक्टरांचा चेहराच उतरला. म्हणाले, "गप्प होतात तेव्हा श्वास बंद पडतो, आजी. हृदय आधीच थकलेलं, त्याला हा रोजचा मार."

झोपेची तपासणी झाली. ह्यांची घशातली वाट मिटत होती, म्हणून रात्री नाकावर लावायचा, हवा सोडून ती वाट उघडी ठेवणारा मास्क मिळाला. सगळ्यांना तो चालत नाही, तपासल्याशिवाय लावायचा नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं. माणूस पुन्हा कामाला लागला.

मग माझा जीव टांगणीला का? हल्ली हे झोपेत मास्क काढून फेकतात, आणि पाय परत सुजायला लागलेत. सोमवारी नव्या डॉक्टरांकडे नंबर आहे. एकटे आत गेले तर काय सांगतील? ते बघा, आमचे हे तिसऱ्या रांगेत हसताहेत. हसा, हसा! धाप लागली की मलाच हाक मारणार आहात.

डॉक्टर, पेशंटच्या बायकोला तुम्ही माणसात धरलंत, त्याचे आभार मानते. घरी गेल्यावर तुमच्या बायकोलाही विचारा, तुम्ही झोपता कसे. माझ्या जिभेला हाड नाही, काही लागलं असेल तर सगळ्यांनी पोटात घाला.

आता सांगा, सोमवारी मला आत घेणार की नाही? अध्यक्ष, तुम्ही बसा. नवे डॉक्टर, उठा, हा माईक घ्या. उत्तर तुम्हीच द्यायचं.