काफीतली पूड

सकवारबाई : वार मंगळवार, गाव मद्रास, आणि तूं क्षमा. माझ्या उदयसिंहाची बायको, साताऱ्याहून आलेली. पुरे कां?

क्षमा : पुरे, आई. आता नाही विचारणार.

सकवारबाई : कालही हेंच म्हणालीस.

क्षमा : काल तुम्ही मला अलकनंदा म्हणत होतात.

सकवारबाई : अलकनंदा? माझी थोरली बहीण? ती जाऊन किती वर्षें जाहलीं!

क्षमा : म्हणून तर सगळे घाबरलो. त्यांचंही असंच सुरू झालं होतं म्हणे. आधी नावं विसरल्या, मग माणसं, मग...

सकवारबाई : मग स्वतःस विसरली. आरशांतल्या बाईला ‘या, बसा’ म्हणे. काफी विचारी. खरें सांग, पोरी. डॉक्टर काय म्हणाला? मजलाही तेंच जाहलें कां?

(मैलापुरातला एक दवाखाना. सासूच्या हाताला सलाईन. सून खाटेवर, तिच्या पायांशी.)

क्षमा : नाही.

सकवारबाई : नाहीं?

क्षमा : तुमची शप्पथ, नाही. डोकं शाबूत आहे तुमचं. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. ती सारखी तहान, ओकाऱ्या, पोट साफ न होणं, असंबद्ध बोलणं, सगळं त्यानंच. सलाईन लावल्यापासून उतरतंय. मूत्रपिंडांवर ताण आलाय, पण तीही सावरतायत. अजून उशीर झाला असता तर...

सकवारबाई : ऐय्यो, मुरुगा! नाहीं म्हणजे नाहीं ना? पुन्हां एकदां म्हण.

क्षमा : नाही, नाही, नाही.

सकवारबाई : पण इतकें कॅल्शियम आलें कोठून? मी काय चुना खाल्ला?

क्षमा : व्हिटॅमिन डीच्या पुड्या. आठवड्याला एक सांगितली होती डॉक्टरांनी.

सकवारबाई : त्यापेक्षां वार विचार.

क्षमा : बाबांना विचारलं मी. म्हणाले, ‘ती संपल्या म्हणायची, मी आणून द्यायचो.’ रोज घेत होतात?

सकवारबाई : सकाळीं एक. कधीं दुपारच्या काफींतही.

क्षमा : काफीत?

सकवारबाई : साखर कोणी बंद केली? तूं! शुगर काठावर आली म्हणून डबाच उचललास. नवरात्रांत गोलूच्या बाहुल्यांची मांडणी बघायला आलेल्या सगळ्या बायकांना सांगितलेंस, ‘आमच्या आई बिनसाखरेची घेतात.’ आमच्या तंजावरकडे अशी काफी वैऱ्याला देत नाहींत. ती पूड चाखली, गोड लागली. आणि औषध तें! डॉक्टरनें दिलेलें. त्याला साखर कोण म्हणेल? शिवाय जीवनसत्त्व. जास्त घेतलें तर जास्तच जीव येईल, असें वाटलें. हसूं नको.

क्षमा : हसत नाहीये.

सकवारबाई : मग डोळे कां पुसतेस?

क्षमा : गॅसची बटणं मी काढली होती. तुम्ही दूध ठेवून विसरलात ना, त्या दिवसापासून. रोज पर्समध्ये घालून बँकेत न्यायची.

सकवारबाई : तूं काढलीं?

क्षमा : सांगायचं धाडस झालं नाही.

सकवारबाई : मी शेगडीपुढें उभी राहून चाचपत होतें. वाटलें, शेगडीला बटणें असतात कीं नाहीं, हेंही मी विसरलें. कोणाला विचारलें नाहीं. विचारलें असतें तर सगळ्यांना कळलें असतें.

क्षमा : आई, अहो...

सकवारबाई : उगी. सलाईनची नळी ओढूं नको, रडतां रडतां.

क्षमा : ही घ्या बटणं.

सकवारबाई : सगळीं?

क्षमा : सगळी. पण ऐका. ती पूड अंगातल्या चरबीत साठते, लवकर जात नाही. आता पुडी बंद. पाणी भरपूर, दूध-दही बेतानं, आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं.

सकवारबाई : आणि काफी?

क्षमा : विचारलं मी. सकाळी अर्धा टंबलर चालेल म्हणाले.

सकवारबाई : साखर?

क्षमा : ...अर्धा चमचा. माझ्यासमोर.

सकवारबाई : सरी, ठीक. काफी मीच करणार. साखर तूं घाल.