चित्रामागचं दुकान

हॅलो?… कोण?… अगं तू होय! नंबर ओळखीचा नाही म्हणून म्हटलं कोण… ऑफिसातून का? बरं, बोल.

नाही, नाही, बाबांना काही झालेलं नाही. आधी नीट श्वास घे बघू. धडधाकट आहेत, समोर दिसताहेत मला… हो, इथूनच, माझ्या दुकानातून. रस्त्याच्या पलीकडे, स्वतःच्या दारासमोर उभे आहेत.

उचलत नाहीत? फोन आत राहिला असेल. आणि उचलला तरी त्यांना ऐकू किती येतं, ते तुला मी सांगायला हवं का?… हो, हो… अगं ऐक ना, सांगतेच आहे.

एक मिनिट हं. … काळी बटणं त्या खालच्या खणात आहेत, ताई. हो, चार भोकांची. बघा तुम्ही, मी आलेच. … हं, बोल. नाही, मीच बोलते.

अगं, पालिकेनं ती योजना काढली नाही का, बाजारपेठेत पुन्हा जीव आणायची? सांगितलं होतं तुला. रस्ता उकरला, फरशी बसवली, दिवे लावले, कुंड्या ठेवल्या… हो, तीच. दिवे छान आहेत, नाही कोण म्हणतंय? तर आता जी दुकानं कायमची बंद पडलीत ना, त्यांच्या दारांवर चित्रं चिकटवताहेत. छापील, अख्ख्या दाराएवढी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दुकान चालू आहे… अगं खरंच! तो चपलांचा दुकानदार सोडून गेला, त्याच्या दारावर बेकरी आलीय. पाव खोटे, गिऱ्हाइकं खोटी, आणि सगळी हसताहेत. परवा एक गृहस्थ चक्क आत शिरायला गेले.

हसू नकोस. पुढचं ऐक.

आज सकाळी ती माणसं आली आणि तुझ्या बाबांच्या दारावर फुलांचं दुकान चिकटवून गेली.

…हो. बाबांच्याच.

अगं, आतच होते ते! आत बसून काम करत होते.

कसं म्हणजे? तुला तुझ्या बापाची सवय माहीत नाही का? त्या दुकानात रांगलीस तू. तराजूचा काटा तपासायचा म्हणजे दार बंद. वारा लागला की पारडं हलतं, आणि पारडं हललं की ह्यांचं डोकं फिरतं. अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे, काटेवाल्यांचं दार बंद म्हणजे आत काम चालू, कडी वाजवायची. पण पालिकेच्या पाहणीवाल्यांना कोण सांगणार? आले, दार बंद. पुन्हा आले, पुन्हा बंद. टाकलं लिहून, दुकान बंद.

वाजवली असेलही गं कडी. ऐकू यायला नको?

मी? मी नव्हते ना! माल आणायला गेले होते. परत येते तर समोर गुलाब. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच गल्लीत शिरले. तशीच धावत मागच्या दारानं आत गेले. बघते तर दिवा लावून बसलेले, नाकावर चष्मा, हातात ती बारीक कानस. म्हटलं, दादा, बाहेर या आधी. तर म्हणाले, “ताई, दार लावा. वारा येतोय.”

…रडू नकोस गं. ऑफिसात आहेस ना? जा, बाहेर जाऊन उभी राहा जरा.

हं. मग आणलं त्यांना बाहेर. बघत राहिले.

मी बोलले की! मी गप्प बसणारी आहे का? पालिकेत फोन लावला आणि असं काही खडसावलं की त्या योजनेच्या बाई धावतच आल्या. तुझ्याच वयाच्या असतील. बिचारीचं तोंड एवढंसं झालं होतं. आल्या आल्या हात जोडले. म्हणाल्या, आजोबा, चूक झाली, आत्ताच्या आत्ता काढते. माणसंही बोलावली. एकानं कोपऱ्याला हात घातला, आणि तुझे बाबा म्हणाले, राहू द्या.

हो. राहू द्या म्हणाले.

मलाही तेच वाटलं, रुसले. म्हटलं, दादा, राग पालिकेवर काढा, स्वतःच्या दारावर कशाला काढताय? माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या बाईंना म्हणाले… थांब, त्यांच्याच शब्दांत सांगते. म्हणाले, “तुम्ही चुकला नाहीत. आत काम नव्हतं.”

…हॅलो? आहेस ना?

हं.

मला तरी कुठे माहीत होतं! रोज बघतेय, दार बंद, म्हणजे काम चालू. मागून चहा द्यायला जावं तर हातात कानस असायचीच. काम कुणाचं, हे कोण विचारायला जातंय? लोक टाकून गेलेले जुने काटे, गं. तेच उघडायचे, तेच पुसायचे, तेच जोडायचे, आणि झालं की पुन्हा तेच उघडायचे. आता सगळ्यांकडे आकडे दाखवणारे काटे. बिघडला की फेकला. त्यात पालिकेनं भाजीवाले, धान्यवाले इथून उठवून त्या नव्या शेडमध्ये नेले. फरशी खराब होते ना! मग इकडे येणार कोण?

विचारलं ना. शेवटचं गिऱ्हाईक कधी आलं होतं, विचारलं मी. म्हणाले, आठवत नाही. त्यांना आठवत नाही! कुणाच्या काट्याची कुठली साखळी कधी बदलली, ते झोपेत सांगतील, आणि हे आठवत नाही.

मला वाईट वाटतंय ते हेच, पोरी. मी समोर बसते. कुणी आलं असतं तर मला दिसलंच असतं. कुणी दिसत नाही, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?

…नाही, त्या बाई वाईट नाहीत गं. म्हणाल्या, आजोबा, आपण हे दुकान आहे तसंच ठेवू, पुढे काच लावू, आत दिवे लावू. तुम्ही नुसते काटा घेऊन बसा, बाहेरगावची माणसं मुद्दाम बघायला येतील. मला बरं वाटलं ऐकून. खोटं कशाला सांगू, मनात म्हटलं, हो म्हणा दादा. तर ह्यांनी विचारलं, “आणि तोलायचं काय?”

बाई नव्या फरशीकडे बघायला लागल्या.

…

कळतंय मला. तू किती वर्षं म्हणतेयस, या माझ्याकडे. हो, खोली आहे, जावईबापू मनानं मोठे आहेत, मी कुठे नाही म्हणतेय? पण आज नको बोलावूस. आज बोलावलंस तर वाटेल त्यांना, पालिकेनं दार बंद केलं आणि लेकीनं उचलून नेलं. सामान आहेत का ते?… तुझ्यावर नाही गं चिडले. माझंच डोकं ठिकाणावर नाही. आणि माझा स्वार्थही आहे, समज हवं तर. ते गेले की मी दिवसभर समोर बघू कुणाकडे? गुलाबांकडे?

थांब, थांब. इकडेच येताहेत. ठेवू नकोस फोन.

…या दादा. बसा ना. … कात्री? … ही? नाही, ही बारकी कशाला, ती मोठी न्या कापडाची. … जाऊ दे हो धार, लावून घेईन. न्या. … लेकीचा फोन आहे, बोलताय? … बरं. बरं, नंतर.

ऐकलंस? कात्री नेली! आता बघ, टराटरा फाडतात की नाही ते चित्र. मला वाटतच होतं, हा माणूस असा गप्प बसणारा नाही… हो, दाराकडेच चाललेत. पालिकेच्या बाई अजून तिथेच आहेत, त्या बाजूला सरकल्या. थांब, दिसतं ते सांगते.

वाकले. दोन फळ्यांच्या मधल्या फटीपाशी टोक खुपसलं. आता वरपासून खालपर्यंत… नाही. खाली नाही गेले. आडवं कापताहेत. छोटासा चौकोन, तळहाताएवढा असेल. काय करताहेत काही कळत नाही… कापलेला तुकडा घडी घालून खिशात ठेवला.

अगं… कोयंडा. कोयंडा कागदाखाली गेला होता, तो मोकळा केला.

कुलूप काढलं खिशातून.

आतून कडी आहेच की! बाहेरून कुलूप कशाला…

…

लावलं.

ओढून बघितलं. रोज संध्याकाळी बघतात ना, तसंच. दोनदा.

…हो. हो, पोरी. बंद केलं.

ऐक, रडू नकोस, नीट ऐक. उद्या कुणी म्हणालं, पालिकेनं तुझ्या बापाचं दुकान बंद केलं, तर सांग, तसं नाही झालं. मी बघितलंय. त्यांनी स्वतः केलं, स्वतःच्या हातानं, भर दुपारी सगळ्यांसमोर.

येताहेत. माझी कात्री द्यायला येताहेत. काय बोलू गं मी? तू बोल. पण ये म्हणू नकोस. नुसतं विचार, जेवलात का.

…या दादा. असू दे, ठेवा तिथेच. घ्या, लेक आहे… नाही बोलत? मग काय सांगू तिला?

…

हॅलो? आहेस का? अगं, ते विचारताहेत… थांब, मला नीट बोलू दे. ते विचारताहेत, तुझ्याकडे यायला सकाळची गाडी असते का?

…

आहे म्हणतेय, दादा. सकाळची आहे.

ठेवते गं. ठेवते मी.